निधीचा प्रस्ताव: पोडाचं वर्ष, कंपनीचं वर्ष आणि मधे बसलेला माणूस

सामाजिक संस्था 'प्रस्ताव लेखक पाहिजे' अशी जाहिरात देतात तेव्हा पहिली अट हमखास इंग्रजीची असते. अट चुकीची नाही, पण ती आठव्या-नवव्या क्रमांकावर यायला हवी. तिच्या आधी ताळेबंद वाचता येणं, शासन निर्णयातली कामाची ओळ शोधता येणं, ग्रामसभेच्या ठराववहीत काय लिहिलंय आणि काय राहिलंय हे कळणं आणि कापसाची वेचणी कधी संपते हे माहीत असणं, एवढं सगळं येतं. प्रस्ताव भाषेमुळे क्वचितच पडतात. अंदाजपत्रकाचा आणि कामाच्या वेळापत्रकाचा एकमेकांशी मेळ नसतो म्हणून पडतात, किंवा गावाने न मागितलेलं काम गावाच्या नावावर मागितलेलं असतं म्हणून पडतात.

हे सगळं महाराष्ट्रात आदिवासी भागात काम करणाऱ्या संस्थांपुरतं आहे. राज्यात अनुसूचित क्षेत्र १३ जिल्ह्यांत पसरलेलं आहे. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती केंद्राच्या विशेष असुरक्षित गटात मोडतात. शहरातल्या वाचनालयासाठी निधी मागणं आणि यवतमाळमधल्या कोलाम पोडासाठी (पोड म्हणजे कोलामांची वस्ती) मागणं, दोन्हीकडे फॉर्म सारखाच असतो. बाकी जवळजवळ सगळं वेगळं.

आधी कपाट उघडा

पहिलं वाक्य लिहिण्याआधी संस्थेचं कागदांचं कपाट उघडायचं. न्यास नोंदणीचं प्रमाणपत्र, घटना, परिशिष्ट एकचा (धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीचा) ताजा उतारा, आयकराची १२ए (संस्थेच्या करसवलतीची) आणि ८०जी (देणगीदाराच्या सवलतीची) नोंदणी, पॅन, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, कंपन्यांचा समाजकामाचा पैसा (सीएसआर) घ्यायला लागणारा सीएसआर-१ चा नोंदणी क्रमांक, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि आयकर विवरणपत्रं. (नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण बोलण्यात १२ए आणि ८०जी हीच नावं अजून चालतात.) १२ए आणि ८०जी या नोंदण्या एकदा मिळाल्या की कायमच्या, हा समज २०२१ पासून खोटा ठरला. त्यांचं नूतनीकरण करावं लागतं आणि नव्या संस्थेला आधी तात्पुरती नोंदणी मिळते. मुदत संपायच्या तारखा भिंतीवर लिहून ठेवाव्यात. मुदत कालच संपली, हे निधी देणाऱ्याच्या छाननीत कळणं फार महागात पडतं.

सगळ्यात जास्त अडकतो तो बदल अर्ज. विश्वस्त बदलला की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात तसं कळवायचं असतं. संस्था अर्ज देतात, तो वर्षानुवर्षं प्रलंबित राहतो. मग परिशिष्टावर दिवंगत विश्वस्ताचं नाव, ठरावावर नव्या सचिवाची सही आणि बँकेत तिसऱ्याचीच, असा प्रकार होतो. कंपनीचा किंवा प्रतिष्ठानचा माणूस हे पहिल्याच दिवशी हेरतो. यावर उपाय एकच: त्याने विचारण्याआधी आपणच एक पान जोडायचं. त्यात अर्जाचा क्रमांक, दाखल केल्याची तारीख, ज्या ठरावाने बदल झाला त्याची प्रत आणि सध्याच्या मंडळाची यादी. प्रलंबित बदल अर्ज हे नकाराचं कारण सहसा होत नाही. तो लपवला तर मात्र होतं.

लेखापरीक्षण अहवालात तीन गोष्टी बघायच्या. संस्थेचं मागच्या वर्षीचं एकूण उत्पन्न किती, प्रशासकीय खर्च कुठे दाखवलाय आणि जुन्या अनुदानाची न वापरलेली रक्कम किती शिल्लक आहे. वर्षाला १२ लाखांचा व्यवहार असलेली संस्था ८० लाख मागते तेव्हा वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न 'हे सांभाळणार कोण' हाच येतो. चालू उलाढालीच्या निम्म्यापर्यंत मागणं सुरक्षित. त्याहून जास्त हवं असेल तर लेखापाल कधी नेमणार, खरेदीवर दोन सह्या कुणाच्या, हे प्रस्तावातच लिहावं लागतं.

पैसा कुठून येतो

पैशाला रंग असतो आणि प्रत्येक रंगाचा कायदा वेगळा. हे न कळता प्रस्ताव लिहिणारे बरेच भेटतात.

सीएसआर हा सगळ्यात चर्चेतला. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली, आधीच्या वर्षी ज्या कंपनीचं निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी काहीही एक असेल, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करायचे असतात. काम त्या कायद्याच्या अनुसूची सातमध्ये, म्हणजे मान्य कामांच्या यादीत, बसलं पाहिजे. अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेकडे सीएसआर-१ ची नोंदणी आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. काल स्थापन झालेल्या संस्थेने कितीही सुंदर प्रस्ताव लिहिला तरी दार उघडत नाही. संस्थेच्या गंगाजळीत भर घालायलाही हा पैसा चालत नाही.

इथे एक गैरसमज जबर नुकसान करतो. सीएसआर नियमांत प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि कंपनीतला कनिष्ठ अधिकारी ती संस्थेच्या अंदाजपत्रकाला लावून मोकळा होतो. ती मर्यादा आहे कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनाच्या खर्चाला. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवरचा थेट खर्च त्या व्याख्येतूनच वगळला आहे. हे दोन ओळींत, नम्रपणे, नियमाचा हवाला देऊन सांगता आलं पाहिजे. लेखापाल आणि समन्वयक यांचे पगार वाचवणारी ही दोन वाक्यं आहेत. कंपनीचं स्वतःचं धोरण त्याहून कडक असेल तर गोष्ट वेगळी. तिथे वाटाघाटी करायच्या किंवा दुसरं दार शोधायचं.

परदेशी पैशाचं गणित २०२० च्या सप्टेंबरमध्ये बदललं. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचं नियमन करणाऱ्या कायद्यातल्या दुरुस्तीने एका संस्थेने आलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देणं बंद केलं. आधी मोठी संस्था पैसे आणायची आणि दुर्गम भागातल्या पाच-सहा लहान संस्थांना वाटायची. आदिवासी भागातल्या कितीतरी लहान संघटना त्यावर उभ्या होत्या. आता तसा प्रस्ताव लिहिणं म्हणजे नियमभंगाची लेखी कबुली देणं. त्याच दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली आणि पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा असं ठरवलं. २० टक्के मोजताना शाळेतल्या शिक्षकाचा किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार प्रशासकीय धरत नाहीत, हे बऱ्याच लेखापालांनाही सांगावं लागतं. एफसीआरए नोंदणीसाठी संस्थेला तीन वर्षं झालेली असावी लागतात आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख खर्च झालेला असावा लागतो. वार्षिक विवरण ३१ डिसेंबरपर्यंत.

एफसीआरए नसलेल्या संस्थांनी लोकवर्गणी गोळा करताना एक खबरदारी घ्यावी. परदेशात राहणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देतो ती परदेशी देणगी नव्हे. पासपोर्ट परदेशी असेल तर, मग तो माणूस मूळचा वणीचा असला आणि अस्खलित वऱ्हाडी बोलत असला तरी, ती परदेशी देणगी. म्हणून देणगीच्या फॉर्मवर नागरिकत्वाची चौकट ठेवावी, नुसती पत्त्याची नको. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ८०जीची सवलत मिळत नाही आणि देणगीदारांचं विवरण ३१ मेपर्यंत भरावं लागतं. ते भरलं नाही तर देणगीदाराला प्रमाणपत्र मिळत नाही, आणि तो पुढच्या वर्षी फोन उचलत नाही.

सरकारी पैसा मागायचा म्हटलं की संस्था नाकं मुरडतात. हप्ता उशिरा येतो हे खरंच आहे. पण आदिवासी गावासाठी टिकाऊ पैसा बहुतेक वेळा तिथेच असतो. पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या गावांसाठी आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, निधी आहे, तो ग्रामसभेच्या ठरावाने खर्च होतो. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे न्यूक्लियस बजेट, म्हणजे स्थानिक गरजेच्या छोट्या योजनांसाठीचा पैसा, असतं. खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान असतं. नाबार्डच्या आदिवासी विकास निधीतून एक-एक एकराच्या वाड्या (फळबागा) उभ्या राहिल्या आहेत. आणि ज्या गावांना सामूहिक वनहक्क (जंगलावर गावाचा एकत्रित कायदेशीर हक्क) मिळालेत त्यांच्यासाठी वनहक्क नियमांतला नियम १६ आहे: हक्क मान्य झालेल्या समूहापर्यंत सर्व खात्यांच्या योजना पोचवणं ही राज्य शासनाची जबाबदारी. संस्थेच्या प्रस्तावात या पैशाचा उल्लेख असला की देणाऱ्याला कळतं, की दोन वर्षांनी तो निघून गेला तरी काम उभं राहील. 'टिकाऊपणा' या रकान्यात लोक जे पोकळ परिच्छेद लिहितात, त्यांच्या जागी 'तिसऱ्या वर्षी कुंपणाचा खर्च अबंध निधीतून, ठराव अमुक तारखेचा' एवढी एक ओळ पुरते.

विचारलं कुणाला?

परदेशी प्रतिष्ठानांच्या फॉर्मवर हल्ली एक रकाना असतो: समूहाची मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती कशी घेतली? संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या आदिवासी हक्कांच्या जाहीरनाम्यातून हे तत्त्व आलं. आपल्याकडे त्याचं उत्तर द्यायला पेसा आणि वनहक्क कायदा हे दोन भक्कम आधार आहेत, पण बहुतेक प्रस्तावांत तिथे 'गावकऱ्यांशी चर्चा करण्यात आली' एवढंच सापडतं.

ठराव कुठल्या ग्रामसभेचा हा पहिला प्रश्न. कोलामांचा पोड मोठ्या महसुली गावाला जोडलेला असतो. ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेत पोडातलं कुणीही नसताना पोडासाठीचा ठराव पास होऊ शकतो आणि होतो. वनहक्काच्या कामासाठी पोडाची, पाड्याची स्वतःची सभा धरायची असते. गणपूर्ती सर्व सदस्यांच्या निम्मी, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया. १८० प्रौढ सदस्य असतील तर ९० हजर हवेत आणि त्यांत ३० बाया. हजेरीपत्रकावर ६२ सह्या असतील तर ठरावाची भाषा कितीही पक्की असो, दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीत तो पडतो आणि त्याबरोबर प्रस्तावातलं सगळं वेळापत्रकही कोसळतं.

एका बैठकीत संमती होत नाही. पहिली बैठक फक्त काम, पैसा आणि अटी समजावण्यासाठी, कोलामीत किंवा गोंडीत, ती बोलणाऱ्या माणसाकडून. मग किमान आठ-दहा दिवस मधे जाऊ द्यायचे, कारण खरी चर्चा घराघरांत होते. दुसऱ्या बैठकीत ठराव. ठरावात या गोष्टी असाव्यात: काम काय, किती काळ, पैसा कुणाच्या खात्यात येणार, खरेदीवर गावातल्या कुणाची सही, आणि काम पटलं नाही तर ते थांबवायला कुणी कसं सांगायचं. शेवटचा मुद्दा लिहायला संस्था बिचकतात. लिहावा. चांगला निधीदार त्याच ओळीवर थांबून दोनदा वाचतो.

याउलट, २० गावांचे २० ठराव, सगळ्यांवर एकच तारीख, एकच टंकलेखन, फक्त गावाचं नाव वेगळं, असा गठ्ठा जोडण्यापेक्षा चार खरे ठराव जोडावेत आणि बाकीच्या गावांच्या सभा पहिल्या तिमाहीत होतील असं सरळ लिहावं.

अजून एक गोष्ट इथेच ठरवून घ्यायची: गावाबद्दलची कोणती माहिती बाहेर जाणार. देवराईचं नेमकं ठिकाण, कोणती औषधी वनस्पती जंगलात कुठे मिळते याची यादी, वैदूकडचं ज्ञान, हे परिशिष्टात जोडायचा मोह होतो, कारण त्याने प्रस्ताव भरगच्च दिसतो. एकदा ते दहा कार्यालयांच्या ईमेलमध्ये गेलं की परत येत नाही. 'ग्रामसभेकडे नोंद उपलब्ध, तिच्या परवानगीने पाहता येईल' असं लिहिल्याने गुण जात नाहीत. आश्रमशाळेतल्या मुलांच्या फोटोंचंही तेच. आणि 'मागासलेले', 'अंधश्रद्धाळू', 'मुख्य प्रवाहात आणणे' असले शब्द आपल्या मसुद्यातून आधी काढून टाकावेत. ज्यांच्यासाठी मागतोय त्यांच्यासमोर जे वाक्य मोठ्याने वाचता येणार नाही, ते पाठवू नये.

आकडे

समजा, झरी आणि केळापूर भागातल्या २० कोलाम पोडांचे सामूहिक वनहक्क दावे तयार करायचे आहेत, एक वर्षाचं काम. पाच कार्यकर्ते, प्रत्येकाकडे चार पोड. मानधन दरमहा १६,००० धरलं तर वर्षाचे ९,६०,०००. एक समन्वयक, ३५,००० प्रमाणे ४,२०,०००. संस्थेला भविष्यनिर्वाह निधी लागू असेल तर मालकाचा हिस्सा प्रशासकीय आकारासह १३ टक्के धरून दोन्हींचे मिळून १,७९,४००. हा हिस्सा विसरला की तो पुढे कार्यकर्त्यांच्या हातात पडणाऱ्या पैशांतून जातो. पेट्रोल आणि गाडीची झीज: पाच जण, महिन्याला ५०० किलोमीटर, पाच रुपये दराने वर्षाचे १,५०,०००. हद्दीची जीपीएस मोजणी, नकाशे आणि जुन्या नोंदींच्या नकला यांना पोडामागे १२,००० म्हणजे २,४०,०००. पोडामागे सहा बैठका, बैठकीला १,५००, म्हणजे १,८०,०००. इथपर्यंत २१,२९,४००. लेखापाल, कार्यालय आणि लेखापरीक्षण यांसाठी १० टक्के धरले की एकूण २३,४२,३४०. पोडामागे सुमारे १ लाख १७ हजार.

हे दर नमुन्याचे, पण मांडणी अशीच हवी: नग गुणिले दर गुणिले महिने, प्रत्येक ओळीत. 'प्रवास: १,५०,०००' असं एकरकमी लिहिलं की देणारा पहिला कात्रीचा हात तिथेच घालतो, कारण त्याला आत काय आहे ते दिसत नाही. ५०० किलोमीटर दिसले की त्याला विचारावं लागतं, की कोणता पोड सोडू? वस्तूंचे दर जीएसटीसह धरावेत. दरपत्रक करापूर्वीच्या किमतीचं घेतलं तर १८ टक्क्यांची तूट संस्थेच्या अंगावर येते, कारण तो कर बहुतेक संस्थांना वळता करून घेता येत नाही.

आठवडी बाजारातून बियाणं, बांबू, जेवणाचा किराणा घेतला जातो आणि तिथे रोखीचा व्यवहार चालतो. एका माणसाला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख दिली तर आयकरात तो खर्च धर्मादाय कामावरचा म्हणून धरला जात नाही. ही अडचण मार्चमध्ये लेखापरीक्षक सांगतो, तेव्हा वेळ गेलेली असते. अंदाजपत्रक लिहितानाच कोणती खरेदी कुठून आणि कशी हे ठरलं पाहिजे.

आता वेळापत्रक. माझ्या मते अर्धे प्रकल्प इथे मरतात. सीएसआरच्या मंजुऱ्या बऱ्याचदा वर्षाच्या उत्तरार्धात होतात, पैसा डिसेंबर-जानेवारीत येतो आणि ३१ मार्चपर्यंत विनियोगाचं प्रमाणपत्र मागितलं जातं. यात कंपनीचा आडमुठेपणा नसतो. संस्थेच्या खात्यात पैसे टाकले म्हणजे ते खर्च झाले असं कायदा धरत नाही. प्रत्यक्ष वापर झाल्याचं कंपनीच्या वित्तप्रमुखाला प्रमाणित करावं लागतं. इकडे पोडाचं वर्ष निराळं. दिवाळीपासून जानेवारीपर्यंत कापसाची वेचणी, मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मेमध्ये तेंदूपत्ता, मग पेरणी आणि पावसात तुटलेले रस्ते. कातकऱ्यांच्या भागात दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेली कुटुंबं पावसाच्या तोंडावर परततात. सातपुड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांचंही हिवाळ्यात गाव रिकामं. म्हणजे ज्या तिमाहीत कंपनीला खर्च हवा असतो त्याच तिमाहीत निम्म्या सदस्यांची गणपूर्ती जमवणं सगळ्यात कठीण.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला, प्रकल्प 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर करून घेणं. सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत तो चालू शकतो आणि न खर्चलेली रक्कम कंपनी वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवते. हे मंजुरीच्या वेळीच करून घ्यायचं. मार्चमध्ये मागितलं तर वरातीमागून घोडं. दुसरा मार्ग, जानेवारी ते मार्चमध्ये अशी कामं ठेवणं ज्यांना संपूर्ण सभा लागत नाही: कार्यकर्त्यांची निवड आणि प्रशिक्षण, उपकरणांची खरेदी, तहसील आणि वनखात्याच्या कार्यालयातून निस्तारपत्रक (गावाच्या जंगल-वापराच्या हक्कांची जुनी नोंद), जुने नकाशे, नोंदी मिळवणं. दाव्याला किमान दोन पुरावे लागतात आणि या नकला मिळवण्यातच महिने जातात, त्यामुळे ते काम आधी झालेलं बरंच.

काय कबूल करायचं

'वर्षअखेर २० पोडांना सामूहिक वनहक्क मिळतील.' हे वाक्य लिहिणाऱ्याने वनहक्काची साखळी पाहिलेली नाही. दावा नमुना क मध्ये भरला जातो, वनहक्क समिती पडताळणी करते, ग्रामसभा ठराव करते, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. शेवटचे दोन टप्पे संस्थेच्या हातात नाहीत. म्हणून कबूल करायचं ते असं: '१८ पोडांचे दावे किमान दोन पुरावे, नकाशा आणि गणपूर्तीच्या ठरावासह उपविभागीय समितीकडे दाखल होतील आणि पोच घेतली जाईल.' २० मधून १८, कारण दोन ठिकाणी हद्दीचा वाद निघणारच. मंजुरीचा आकडा 'अपेक्षित परिणाम' म्हणून वेगळा लिहावा, त्याच्या शेजारी तो कशावर अवलंबून आहे हेही. कोलाम विशेष असुरक्षित गटात असल्याने अधिवासाच्या (परंपरेने राहत आलेल्या सगळ्या प्रदेशावरच्या) हक्काचा दावाही करता येतो, पण पहिल्याच वर्षाच्या प्रस्तावात दोन्ही कोंबू नयेत.

मेंढा-लेखाचं नाव प्रस्तावात घालायचा मोह सगळ्यांना होतो. गडचिरोलीतल्या त्या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला, हे सगळं खरं. पण त्यामागे गावाच्या अभ्यासगटांची आणि सर्वसहमतीने निर्णय घेण्याची कित्येक वर्षं होती. 'मेंढा-लेखाच्या धर्तीवर १२ महिन्यांत' असं वाचलं की जाणकार वाचक पुढचं पान उलटत नाही.

लाभार्थ्यांची संख्या फुगवणं हा दुसरा रोग. ३०० जणी चार प्रशिक्षणांना आल्या तर लाभार्थी ३००, १,२०० नव्हेत. उपस्थिती १,२०० म्हणा, हरकत नाही. आणि मूळ स्थिती दाखवताना २०११ च्या जनगणनेवर पूर्ण भिस्त ठेवू नये. त्यानंतर पोडात दोन पिढ्यांची लग्नं झाली. एका पोडाची घरनिहाय यादी करायला दोन माणसांना दोन दिवस लागतात. ती करावी. नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि धाराशिव हे चार जिल्हे केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे विकासासाठी खास लक्ष द्यायच्या, जिल्ह्यांच्या यादीत असल्याने तिथल्या प्रस्तावांकडे कंपन्या लवकर वळतात. यवतमाळसारख्या यादीबाहेरच्या जिल्ह्यासाठी ही घरनिहाय यादीच तुमची वकिली करते.

या कामात यायचं असेल तर

समाजकार्याची पदवी उपयोगी पडते, पण सुरुवात अहवाल लेखनापासून करावी, प्रस्तावापासून नाही. अहवाल लिहिताना कळतं की कोणती आश्वासनं पुढे गळ्याशी येतात. केंद्र सरकारच्या अनुदानाचं विनियोग प्रमाणपत्र सर्वसाधारण वित्तीय नियमांच्या १२-ए नमुन्यात (आयकराची १२ए वेगळी) कसं भरतात, त्या अनुदानावरचं व्याज परत भरावं लागतं, खर्चाच्या दोन शीर्षांमधे रक्कम हलवायची तर लेखी परवानगी कधी लागते, हे सगळं तिथे हाताखालून जातं. एक वर्ष अहवाल लिहिलेला माणूस दोन वर्षं नुसते प्रस्ताव लिहिलेल्यापेक्षा चांगला प्रस्ताव लिहितो.

एक्सेल नीट यायला हवं, म्हणजे मानधनाचा दर एका ठिकाणी बदलला की सगळी बेरीज आपोआप बदलली पाहिजे. मराठी आणि इंग्रजी दोन्हीत लिहिता यावं, कारण ठराव मराठीत आणि फॉर्म इंग्रजीत. महिन्यातून काही दिवस तरी गावात जावं. कार्यकर्त्याने फोनवर सांगितलेल्यावर लिहिलेला 'समस्येचं स्वरूप' हा भाग लगेच ओळखू येतो.

पैशाचं म्हणाल तर तीन पद्धती चालतात: पूर्णवेळ पगार, दरमहा ठरावीक शुल्कावर दोन-तीन संस्था किंवा प्रस्तावामागे ठरलेली रक्कम. चौथी पद्धत म्हणजे मंजूर रकमेवर टक्केवारी. लहान संस्था ती आनंदाने देऊ करतात, कारण आधी काही द्यावं लागत नाही. ती घेऊ नये. निधी उभारणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आचारसंहितेतही टक्केवारीला मनाई आहे. शिवाय २३ लाखांच्या अंदाजपत्रकात पाच टक्के म्हणजे १ लाख १७ हजार, बरोबर एका पोडाचा खर्च. ती रक्कम कोणत्या ओळीत दाखवणार? दाखवता येत नाही म्हणून ती कुठल्यातरी खोट्या बिलात जाते, आणि त्या बिलाखाली तुमची नाही, संस्थेच्या सचिवाची सही असते.

चौकशीपासून पहिला हप्ता खात्यात पडेपर्यंत सहा ते नऊ महिने धरून चालावं: दोन पानांची संकल्पना टिपणी, मग पूर्ण प्रस्ताव, छाननी, गावभेट, करार. म्हणून संस्थेकडे एका वेळी एकच प्रस्ताव चालू असून भागत नाही. पण दहा ठिकाणी तोच मसुदा पाठवणंही व्यर्थ. निधीदाराने मागच्या तीन वर्षांत कोणत्या जिल्ह्यात, किती रकमेची कामं दिली हे कंपनीच्या वार्षिक अहवालातल्या सीएसआर परिशिष्टात दिसतं. तिथे एकही काम जमीन-जंगलाचं नसेल तर टपाल वाचवावं. नकार आला की कारण विचारणारी चार ओळींची मेल पाठवावी. निम्मे उत्तर देत नाहीत, उरलेल्यांपैकी एखादा पुढच्या फेरीची तारीख सांगतो.

नोकरीसाठी अर्ज करताना नमुना म्हणून मंजूर झालेला प्रस्ताव पाठवण्यापेक्षा एक अंदाजपत्रक आणि त्याच प्रकल्पाचा अंतिम अहवाल अशी जोडी पाठवावी. संस्थेची लेखी परवानगी घेऊन, आणि गावांची, माणसांची व निधीदाराची नावं झाकून.